कारखान्याच्या फाटकापाशी

हेदगाळचा बसथांबा सुमंगलाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती मागच्या शेतातल्या मेरेवरची, बांधावरची पायवाट धरायची, ओहोळ ओलांडायची आणि पलीकडच्या वाड्यावरच्या थांब्यावर जाऊन डिचोलीची बस पकडायची. सून संजना घरात नवी होती तेव्हा तिने विचारलं होतं, एवढा वळसा कशाला? तिकडे बसायला जागा मिळते, असं सुमंगलाने सांगितलं. खरं कारण गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. हेदगाळचा थांबा काजूच्या कारखान्याच्या फाटकासमोर होता. कारखाना बंद पडून कितीतरी पावसाळे गेले, धुराडं कोसळलं, कौलं लोकांनी नेली, आत रान माजलं, फाटकाचा एक चिरेबंदी खांब तेवढा राहिला. पण कंडक्टर अजून ‘फॅक्टरी, फॅक्टरी’ म्हणूनच ओरडतो.

सुमंगला मूळची नार्व्याची. बाप नदीकाठची दुसऱ्याची शेती करायचा. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, म्हणून हेदगाळच्या मावशीने तिला आपल्याकडे आणलं आणि कारखान्यात चिकटवलं. तेव्हा ती परकरात होती. पोर्तुगीज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. कारखाना मात्र त्यांच्याच काळातला, आसपासच्या गावांतला पहिला. बाया रांगेने पाटांवर बसत. समोर भाजलेल्या बियांचा ढीग, हातात लाकडी दांडका. बी उभी धरायची, नेमका घाव घालायचा आणि गर अख्खा बाहेर काढायचा. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी जळायची. त्यावर राख चोळायची आणि पुढची बी उचलायची. दोन पावसाळ्यांत सुमंगलाची बोटं काळी पडली, ती पुढे कधी उजळली नाहीत. पण तिला काम आवडायचं. तिचा गर सहसा फुटत नसे. हेदगाळातल्याच कृष्णनाथशी तिचं लग्न झालं, तो खनिजाच्या ट्रकावर होता. लग्नानंतरही तिने काम सोडलं नाही.

जानकी तिच्या शेजारच्या पाटावर बसायची. ती दोडामार्गाकडची, कारखान्यात पोती उचलणाऱ्या शांतारामची बायको. तिच्या बोलण्याला खळ नसायचा. मुकादमाच्या खोकल्यापासून ते त्याच्या चपलेच्या फटफट आवाजापर्यंत सगळ्याची ती नक्कल करायची आणि बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. सुमंगला अबोल. तिला हसवायचं म्हणजे जानकीला पैज वाटायची. नार्व्याच्या जत्रेला दोघी बरोबर जायच्या. गणेश चवथीला नेवऱ्यांची, करंज्यांची ताटं या घरातून त्या घरात फिरायची. सुमंगलाला लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नव्हतं आणि बायका काही बोलल्या तर तिच्याआधी जानकीच उत्तर द्यायची.

कारखान्यात एकच गोष्ट सगळ्यांना खुपायची. ती म्हणजे संध्याकाळची झडती. सुटी झाली की बाया फाटकापाशी रांग लावत. कोणी गर लपवून नेत नाही ना, हे बघायला मुकादमाची बायको एकेकीची कनवट चाचपायची, अंबाडा सोडायला लावायची. पुढे ती आजारी पडली आणि तिच्या जागी सुपरवायझर म्हणून आलेला एक पुरुष उभा राहू लागला. त्याचा हात कुठे किती वेळ राहतो, हे प्रत्येकीला कळत होतं. घरी कोणी बोलत नव्हतं. बोलून काय, उद्या परत जायचंच होतं.

त्या साली जानकीला दिवस गेले होते. दिवसभर गरांच्या राशीत बसायचं आणि तोंडात एक टाकायचा नाही. तिला डोहाळे लागले ते नेमके त्याचेच. दोन दिवस तिने सुमंगलाकडे कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रांगेत उभी असताना तिने मागून सुमंगलाचं कोपर धरलं.

‘सुमंगले,’ ती कानाशी म्हणाली, ‘माझ्या कनवटीत मूठभर गर आसत. आता काय करू गे?’

पुढे दोनच बाया उरल्या होत्या. सापडलं तर काम जायचं, पोलीस यायचे आणि शांतारामही घरी बसायचा. सुमंगलाने विचार केला असं म्हणता येणार नाही. एकदम रांगेतून बाहेर पडून ती सुपरवायझरसमोर उभी राहिली. आजपासून माझ्या अंगाला कोणी पुरुषाने हात लावायचा नाही, असं ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला, की तिचा तिलाच ओळखू आला नाही. मग मागे वळून तिने रांगेला विचारलं, तुम्हाला चालतं का हे? मागच्या एका म्हातारीने पिशवी उचलली आणि ती सरळ फाटकातून चालू लागली. तिच्या पाठोपाठ सगळी रांग बाहेर पडली. त्या गर्दीत जानकीही गेली, पोटावर हात धरून.

दुसऱ्या दिवशी एकही बाई आत गेली नाही. सगळ्या रस्त्यापलीकडच्या फणसाखाली बसून राहिल्या. सुमंगलाने जे एका मैत्रिणीला वाचवायला म्हटलं होतं, ते बघता बघता सगळ्यांचं झालं. बाया एकमेकींना इतक्या दिवसांचं सांगू लागल्या, कोणाच्या बाबतीत काय घडलं ते. एक सोळा वर्षांची पोर बोलता बोलता रडायला लागली. तेव्हा सुमंगलाला वाटलं, की आपण बोललो ते बरंच केलं; हे कधीचंच बोलायला हवं होतं. ती मनापासून तिथे बसली. घरून पेज आणायची, दोघी-तिघींत वाटून घ्यायची.

मालकांनी घाई केली नाही. त्यांनी गावात एक वावडी उठवून दिली. जिने हे सुरू केलं तिच्याकडेच त्या दिवशी माल होता, नाहीतर झडतीला ती का घाबरली? वाण्याच्या दुकानात पाववाला पोदेर पाव टाकायला यायचा, त्याच्या तोंडून ते घरोघर गेलं. फणसाखालच्या बाया सुमंगलाकडे तिरक्या नजरेने बघू लागल्या. आपण हिच्या चोरीसाठी उपाशी बसलोय की काय, असं एकीने म्हटलंही. जानकी तेव्हा शेजारीच होती. ती जमिनीवरचं पान उचलून त्याचे बारीक तुकडे करत राहिली.

दोन दिवसांनी सकाळी जानकी फणसाखाली आली नाही. ती रस्त्याच्या त्या बाजूने, मान खाली घालून, फाटकातून आत गेली. तिच्या मागून आणखी काही गेल्या. शेवटी मालकांनी बायांची झडती बाईच घेईल असं कबूल केलं आणि सगळ्यांना कामावर घेतलं. सुमंगलाला मात्र घेतलं नाही. तिच्या पाटावर दुसरी मुलगी बसली.

त्या संध्याकाळी कृष्णनाथने तिला एकदाच विचारलं, तुझ्याकडे होतं का काही? ती नाही म्हणाली. मग झडती द्यायची होतीस, असं म्हणून तो हात धुवायला उठला. त्यानंतर हा विषय त्याने कधी काढला नाही. पण चवथीला घरात काजूगर आणणं त्याने बंद केलं. कोणाच्या घरी बशीत काजू पुढे आले तर तो पाणी प्यायचं निमित्त करून उठायचा. तो वाईट माणूस नव्हता. तो तिला कधी टाकून बोलला नाही. फक्त त्याच्या मनाचा एक कोपरा बंद झाला होता आणि त्या कोपऱ्याच्या बाहेरच सुमंगलाने संसार केला.

तिने तेव्हा त्याला खरं का सांगितलं नाही? सुरुवातीला जानकीच्या पोटातल्या जिवासाठी. मग पोर झालं, त्याचं नाव निलेश ठेवलं. बाळ अंगावर पितंय तोवर नको, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढे कळलं, की आता कोणी विश्वास ठेवणार नाही. आपलं नाव आलं म्हणून दुसरीवर ढकलते असंच म्हणतील. आणि एक आशाही होती. जानकी कधीतरी स्वतः सांगेल, अशी. ओहोळावर कपडे धुताना, देवळात, लग्नघरी दोघी समोरासमोर यायच्या. जानकीच बाजूला व्हायची. ती बडबडी बाई हळूहळू मुकी होत गेली, पण ते सुमंगलाच्या काही उपयोगाचं नव्हतं.

पुढे सुमंगलाने मिळेल ते केलं. लोकांच्या शेतात लावणी केली, खाणीच्या कँटीनमध्ये भांडी घासली, ओहोळाकाठच्या तुकड्यात तांबडी भाजी आणि वाल लावून डिचोलीच्या बाजारात विकले. एकदा शाळेत मुलांचं जेवण शिजवायला बाई हवी होती. तिचं नाव पुढे आलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, कोठाराची चावी हिच्या हातात कशी द्यायची? ते हसत म्हटलं होतं. काम दुसरीला मिळालं.

मुलगा उशिरा झाला, साईश. तो पाचवी-सहावीत असताना एकदा शर्ट फाडून आणि ओठ फोडून घरी आला. पोरांनी त्याला ‘काजूचोर’ म्हटलं होतं. त्याने तिघांना मारलं होतं आणि तिघांनी त्याला. त्याने आईला विचारलं नाही, की ते खरं आहे का. तिला त्याचं हे न विचारणंच जास्त लागलं. अशा मारामाऱ्या पुढे होत राहिल्या. नववीत त्याने शाळा सोडली आणि बापाबरोबर ट्रकावर जाऊ लागला. खाणी बंद झाल्या तेव्हा मधल्या काळात कर्ज काढून घेतलेला स्वतःचा ट्रक अंगणात गंजत पडला. कृष्णनाथ त्याच वर्षी खंगत गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत सुमंगला उशाशी बसून होती. कितीदा तरी शब्द ओठांवर आले. पण मरणाऱ्या माणसाला आता हे सांगून, इतकी वर्षं तू माझ्यावर उगाच संशय घेतलास असंच सांगितल्यासारखं होईल, असं वाटून तिने ते गिळले. तो गेला.

साईशला नंतर मोपाच्या विमानतळावर सामानाच्या गाडीवर काम लागलं. तो सकाळी पेडण्याकडे जायचा आणि रात्री यायचा. घर चाललं होतं.

गेल्या वर्षी गावातल्या वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं, की कारखान्याच्या जागेवर एक स्मृतिशिळा बसवायची. सिद्धेश हा शाळामास्तर यात पुढे होता. भला मुलगा, गावाचं काही टिकावं असं त्याला मनापासून वाटायचं. पंचायतीने जागा साफ करून दिली, मालकांच्या नातवाने दगडाचा खर्च उचलला. ‘या ठिकाणी आमच्या परिसरातला पहिला काजू कारखाना उभा होता. या कारखान्याने शेकडो स्त्रियांना रोजगार आणि स्वाभिमान दिला.’ असा मजकूर ठरला. पडदा कोणी ओढायचा, तर कारखाना बंद होईपर्यंत तिथे राहिलेली सगळ्यांत जुनी कामगार. ती जानकी होती.

सिद्धेश सुमंगलाकडेही आला होता. तुम्हीही तिथे होता ना आजी, काही आठवणी सांगा, म्हणाला. त्याला जुनं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मी थोडीच वर्षं होते, जानकीला विचार. मजकुराचा कागद त्याने वाचून दाखवला. ‘स्वाभिमान’ हा शब्द आला तेव्हा तिने भाजी निवडायचं थांबवलं, मग पुन्हा निवडू लागली.

त्यानंतर आठवडाभराने, दुपारच्या उन्हात, निलेशची स्कूटर दारात थांबली. मागे जानकी बसली होती. तिला उतरवून, हाताला धरून सोप्यावर बसवून निलेश म्हणाला, की आईने हट्टच धरला. मी अर्ध्या तासाने येतो. तो गेला. सुमंगला त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. रुंद खांद्यांचा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस.

जानकी पार वाळली होती. बोलताना धाप लागायची. भट्टीचा धूर छातीत बसलाय असं डॉक्टर म्हणतात, असं तिने सांगितलं. सुमंगलाने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग जानकीनेच सुरुवात केली.

‘पडदो ओढूच्या दिवशी माका माईक देतले. मी सगळ्यांसमोर सांगतलंय. गर माझ्याकडे होते म्हणान.’

सुमंगलाने विचारलं, आता कशाला?

‘माका झोप येत नाय,’ जानकी म्हणाली. ‘आणि त्या दगडार मी पडदो ओढूचो आणि तू घरात बसूचा, ह्या माझ्यान होवचा नाय. तू ये. पाठी बस हवी तर. पण ये.’

इतक्या वर्षांत सुमंगलाने हा प्रसंग मनात किती वेळा घडवला होता. त्यात ती कधी जानकीला हाकलून द्यायची, कधी दोघी गळ्यात पडून रडायच्या. प्रत्यक्षात तिला फार काही वाटलं नाही. मोठं ओझं उचलून आल्यावर हात बधिर होतात, तसं झालं. निलेशला माहीत आहे का, असं तिने विचारलं. जानकीने मान हलवली. नाही. त्यालाही तिथेच कळेल. सुमंगला एवढंच म्हणाली, की येईन.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने ठेवणीतली साडी काढली. साईशची सुटी होती. आई कारखान्याच्या कार्यक्रमाला निघालेली बघून तो चमकला. नको जाऊस, कोण काय बोलेल, असं म्हणाला. तिने ऐकलं नाही, तेव्हा तोही बरोबर आला. कितीतरी वर्षांनी ती त्या रस्त्याने चालली. फणस रस्ता रुंद करताना गेला होता. खांबाशेजारी गवत कापून मांडव घातला होता, लाल खुर्च्या मांडल्या होत्या, जनरेटर धडधडत होता. सुमंगला बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसली. साईश मांडवाच्या कडेला हात बांधून उभा राहिला.

पाहुणे उशिरा आले. भाषणं लांबली. मालकांच्या नातवाने आपल्या आजोबांची जिद्द सांगितली, तो चांगलं बोलला. पंच बोलले. मग जानकीने दोरी ओढली, पडदा अर्ध्यावर अडकला, निलेशने पुढे होऊन तो सोडवला आणि काळा दगड दिसला. टाळ्या झाल्या. फोटो झाले. सिद्धेशने जाहीर केलं, की आता जानकीआजी दोन शब्द बोलतील.

जानकी माइकसमोर उभी राहिली. तो तिच्या कपाळाएवढ्या उंचीवर होता. उंच माणसं बोलून गेली होती, कोणी खाली केला नाही. तिने बोलायला सुरुवात केली. पहिले दोन शब्द ऐकू आले, ‘मी जानकी.’ पुढचं जनरेटरने खाल्लं. सुमंगला खुर्चीत पुढे सरकली. जानकीचे ओठ हलत होते. ती समोर कोणाकडेच बघत नव्हती, शेवटच्या रांगेकडे बघत होती. तिने एक हात कमरेशी नेला, कनवटीजवळ, आणि मूठ मिटून दाखवली. सुमंगलाला कळलं, ती काय सांगते आहे ते. त्याच वेळी पाहुणे घड्याळाकडे बघून उठले, त्यांना फोंड्याला दुसरा कार्यक्रम होता. त्यांच्यामागे पंच उठले, खुर्च्या सरकल्या, फॅक्टरीच्या थांब्यावर बस येऊन थांबली आणि तिने भोंगा वाजवला. पुढच्या रांगेतल्या बायका चहाच्या कपांकडे वळल्या. जानकी बोलतच होती. बोलून झाल्यावर तिने हात जोडले. ते बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धेशने माइक आपल्याकडे घेतला आणि म्हणाला, की आजींनी किती जिव्हाळ्याने आठवणी सांगितल्या, आपण सगळे त्यांचे ऋणी आहोत.

निलेशने आईला आधार देऊन खुर्चीत बसवलं. त्याच्या चेहऱ्यावर नुसता अभिमान होता. आई बोलत असताना तो स्कूटरपाशी गेला होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. जानकी डोळे मिटून बसली. तिच्या चेहऱ्यावर असं काही सुटकेचं समाधान उतरलं होतं, की सुमंगलाला तिच्याजवळ जाववलं नाही. चहा न घेता ती घरी निघाली.

वाटेत साईशने विचारलं, ती म्हातारी तुझ्याकडे बघून काय बोलत होती? घरी सोप्यावर बसल्यावर सुमंगलाने त्याला सगळं सांगितलं. डोहाळ्यांपासून. तिला वाटलं होतं, आता या पोराच्या मनावरचं तरी ओझं उतरेल. साईश ऐकत राहिला. त्याचा चेहरा आधी मऊ झाला आणि मग बघता बघता दगडासारखा झाला.

‘बाबांक सांगलेलंस?’

‘नाय.’

‘मरताना पण नाय?’

साईश उठून उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. आपण शाळेत मार खाल्ला, शाळा सोडली, ते जाऊ दे, असं तो म्हणाला. पण बाबा आयुष्यभर मान खाली घालून वावरले आणि तशीच खाली घालून गेले. तुझ्या मैत्रिणीला तू वाचवलंस. आम्हाला कोणी वाचवलं?

इतक्या वर्षांत सुमंगलाने जानकीचा राग केला होता, मालकांचा केला होता, कधी नवऱ्याचाही केला होता. या बाजूने तिने कधी पाहिलंच नव्हतं. साईश अंगणात गेला आणि गंजलेल्या ट्रकाच्या पायरीवर काळोख पडेपर्यंत बसून राहिला. संजनाने जेवायला हाक मारली तेव्हा आला, जेवला. पण त्या दिवसापासून तो आईशी कामापुरतंच बोलू लागला. औषध आणून द्यायचा, बाजाराला सोडायचा. फक्त पूर्वी कामावरून आल्यावर तिच्याजवळ टेकून विमानतळाच्या गमती सांगायचा, ते थांबलं.

जानकीने सगळ्यांसमोर सांगितलं, याने गावात कुठेच काही फरक पडला नाही. कोणी ऐकलंच नव्हतं. साईशला वाटलं, आपण निलेशला जाऊन सांगावं. सुमंगला नको म्हणाली. तेवढं मात्र त्याने ऐकलं.

गवत पुन्हा उगवलं. दगडावर थांब्यावरची पोरं पाठ टेकून उभी राहू लागली. पावसाळ्याच्या तोंडाशी निलेशने निरोप पाठवला, की आई फार दिवस काढत नाही, तुमचं नाव घेते. सुमंगला गेली. जानकी खिडकीपाशी खाटेवर होती, नाकाला नळी लावलेली. निलेशची बायको पूजा तिला पेज भरवत होती. सुमंगलाने तिच्या हातातली वाटी घेतली आणि तिला दुसरं काम बघायला सांगितलं. दोघी एकट्याच राहिल्या. जानकीने दोन घास घेतले, तिसरा नको म्हणाली. मग तिने सुमंगलाचं मनगट पकडलं. पकड अजून घट्ट होती.

‘सगळ्यांनी ऐकला मा गे? मी सांगितला ता?’

सुमंगलाने तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठांच्या कडेला पेज लागली होती, ती तिने पदराने पुसली.

‘ऐकला,’ ती म्हणाली. ‘पुढच्यांनी पण, पाठच्यांनी पण.’

‘निलेशान?’

‘तेणा पण. तुका बोलूक तेका जमत नाय इतक्याच.’

जानकीने सुस्कारा सोडला. हात सैल झाला. थोड्या वेळाने ती झोपली आणि सुमंगला वाटी धुवून, पालथी घालून घरी आली.

चार दिवसांनी जानकी गेली. सकाळी बातमी आली तेव्हा साईश कामावर निघण्याच्या तयारीत होता. त्याने हेल्मेट काढून ठेवलं. आई एवढ्या चढावर चालत कशी जाणार, असं तो संजनाला म्हणाला, आईला नाही. मग त्याने मोटरसायकल बाहेर काढली आणि सुमंगलाला मागे बसवून जानकीच्या घराकडे नेलं. तो आत आला नाही, माडाखाली उभा राहिला. थोड्या वेळाने निलेश रडत बाहेर आला आणि समोर हाच दिसला म्हणून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला. साईशचे हात कितीतरी वेळ तसेच खाली लोंबत राहिले. मग त्याने एक हात उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. दाराआडून सुमंगलाने ते बघितलं आणि ती बायकांमध्ये जाऊन बसली.